काठावरचे वीस

भाचा आता वाकत नव्हता, ही आत्याची पहिली तक्रार. तक्रारी पुष्कळ होत्या, पण बाकीच्या सगळ्या हिच्याच पोटातून निघालेल्या. मुकादम झाल्यापासून त्यानं पायात काळे बूट चढवले, शर्ट आत खोचला आणि कंबर अशी ताठ धरली, की पाठीत बांबू घालून शिवलाय की काय असं वाटावं. रोपवाटिकेतलं काम सगळं जमिनीपासून वीतभर उंचीवर चालतं. पिशवीतून वर आलेला खुंट वीतभर, आणि डोळा भरायची, म्हणजे कलम करायची, जागा त्याच्याही मध्यावर. उभ्या माणसाला तिथलं काय दिसणार? त्याला दिसतात ती बायकांची डोकी.

आणि याच पोराला तिनं सुरी धरायला शिकवलं होतं. भावाच्या घरी खाणारी तोंडं जास्त झाली तेव्हा हा तिच्याकडे राहायला आला. जंगली लिंबाच्या खुंटाला चीर कशी द्यायची, साल सुरीच्या पाठीनं कशी सोडवायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा काढून तिच्यात कसा सरकवायचा, वरून पट्टी किती आवळायची, हे सगळं त्यानं तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसून शिकून घेतलं. पहिल्यांदा अंगठा कापला तेव्हा तिनं तो आपल्या तोंडात धरला होता. आता तोच अंगठा खिशातल्या पेनाच्या टोपणाशी खेळत असायचा.

सगळी रोपवाटिका तिला आत्याच म्हणे. भाचा म्हणायचा म्हणून बायका म्हणायला लागल्या, आणि मग मालकही. तीस वर्षं ती डोळे भरत होती. तिच्या हाताखालून गेलेल्या झाडांच्या सावलीत कोण कोण बसलं असेल, याचा हिशेब देवालाही ठेवता आला नसता.

त्या वर्षी उन्हाळा वेळेआधीच येऊन उभा राहिला. सकाळी दहालाच वारा तापायचा. वाफ्यांवर ताणलेली हिरवी जाळी दिवसभर फडफडायची, आणि एके दिवशी तिचा पश्चिमेचा पदर फाटून खाली लोंबला. पश्चिमेचा वाफा आत्याचा आणि तिच्या सुनेचा. दुपार कलली, की ऊन त्या भोकातून आत शिरायचं आणि रस्त्याकडेच्या ओळी भाजायला लागायचं. आत्यानं भाच्याला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तो म्हणाला, बघतो. दुसऱ्यांदा म्हणाला, जाळी मागवली आहे. तिसऱ्यांदा म्हणाला, आत्या, वारा काय तुझ्या एकटीच्याच वाफ्याला लागतो का?

त्यावर ती काही बोलली नाही. सुनेनं वर पाहिलं, कारण आत्या काही बोलली नाही ही गोष्ट वर्षातून एकदाच घडायची.

वाफे पाच. एकेका वाफ्यात सहाशे पिशव्या, वीस ओळी, ओळीत तीस. प्रत्येक वाफ्याला दोघी जणी. डोळा भरून झाला, की एकवीस दिवस पट्टी सोडायची नाही, असा दंडक. आतला डोळा हिरवा राहिला तर झाड झालं. काळा पडला तर मेहनत मातीत. आधीच पट्टी सोडली आणि गरम वारा लागला, तर जगलेला डोळाही मरतो. पण मालकाला सोळाव्याच दिवशी अंदाज हवा होता. किती खुंटांवर पुन्हा डोळे भरावे लागतील, ते सालीत रस आहे तोवर कळलं पाहिजे. आणि पुढच्या भरणीला चारच जोड्या ठेवायच्या होत्या. पाचवी जोडी मातीवर.

मातीवर म्हणजे मागच्या आवारात. तिथे पोयट्याचा ढीग, शेणखताचा ढीग, मोठी चाळण आणि रिकाम्या पिशव्यांचे गठ्ठे. दिवसभर माती चाळायची आणि पिशव्या भरायच्या. नाकातून काळं येतं, कंबर रात्रभर बोलते. पण ते जाऊ दे. नवीन आलेलीला मातीवर ठेवतात, आणि हात गेलेलीला. तीस वर्षं डोळे भरलेल्या बाईला मातीवर पाठवलं, की सगळ्या गावाला कळतं, हिचा हात गेला. सुरी परत द्यावी लागते. आत्याच्या सुरीची मूठ तिच्या बोटांच्या आकाराची झिजली होती. ती दुसऱ्या कुणाच्या हाताला बसलीच नसती.

सोळाव्या दिवशी भाचा वही घेऊन आला. रस्त्यावर उभा राहिला, वाफ्याच्या विटेवर एक बूट ठेवला आणि हाताला लागतील त्या पहिल्या वीस पिशव्यांच्या पट्ट्या सोडायला सांगितल्या. हिरवा, काळा, हिरवा. पुढच्या वाफ्याकडे. तिथेही तसंच, रस्त्यालगतचे पहिले वीस. तासाभरात पाचही वाफे झाले, आणि बुटाला चिखलाचा ठिपका नाही.

मग शेडच्या भिंतीवरच्या काळ्या फळीवर त्यानं खडूनं आकडे मांडले. पंधरा, सोळा, चौदा, सतरा. आणि शेवटी आत्याचा वाफा: आठ. आठाखाली त्यानं रेघ ओढली: ही जोडी मातीवर.

विसात आठ. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही. न पाहणं हेच पाहणं होतं. ठसका नावाच्या बाईला बोलायच्या आधी खोकला यायचा म्हणून तिचं ते नाव पडलेलं. तिला तेवढा खोकला आला, पण त्यामागून शब्द आला नाही.

आत्या म्हणाली, माझ्या वाफ्याची कड भाजलेली आहे, आत जाऊन बघ. भाचा म्हणाला, सगळ्यांची कडच बघितली, सगळ्यांना एकच माप. मग फळीकडे खडू दाखवत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आत्या, शितावरून भाताची परीक्षा. तूच शिकवलंस ना?"

खरोखर तिनंच शिकवलं होतं. म्हण आपलीच आणि मुस्काटात आपल्याच बसली, तर माणूस ओरडणार तरी कसा?

*

घरी आल्यावर ती ओरडली. आधी कोंबड्यांवर, मग दाराच्या कडीवर, मग मुलावर. मुलगा रोपं पोचवायच्या गाडीवर होता आणि चार दिवसांनी परतायचा होता, पण त्यामुळे काही अडलं नाही. सुनेनं चूल पेटवली आणि पिठाच्या डब्याला टेकवून पुस्तक उघडलं.

हे पुस्तक म्हणजे आत्याची दुसरी तक्रार. सून दहावीला गणितात दोनदा नापास झाली होती आणि आता तिसऱ्यांदा, लेकराची आई झाल्यावर, बाहेरून परीक्षेला बसणार होती. आत्या दोन यत्ता शिकलेली. तिच्या मते शाळा ही गोष्ट देवीच्या लसीसारखी: लहानपणी एकदा टोचली की झालं, मोठेपणी कोण टोचून घेतं? त्यात सून डावखुरी. सुरी डाव्या हातात, पळी डाव्या हातात, पट्टीसुद्धा उलटी गुंडाळायची. आत्याची पट्टी उजवीकडे चढे, सुनेची डावीकडे. एका वाफ्यात दोन तऱ्हा, बघणाऱ्याला वाटावं घरात भांडण आहे. आठ वर्षं आत्या हे बोलून दाखवत होती आणि आठ वर्षं सून डावीकडेच गुंडाळत होती.

"काय वाचतेस एवढं?" आत्या म्हणाली. "भाकरी करपतेय."

सून म्हणाली, सांख्यिकी. शेवटचा धडा आहे, आठ गुणांना येतो.

"पुन्हा आठच."

सून हसली नाही. ती म्हणाली, आई, यात आजचंच लिहिलंय. सगळं मोजता येत नसेल तेव्हा त्यातलं थोडं काढून मोजतात, त्याला नमुना म्हणतात. पण नमुना कुठूनही काढलेला चालत नाही. हाताशी आहे म्हणून घेतला तर तो खोटं बोलतो. नमुना यादृच्छिक पाहिजे.

"काय पाहिजे? शब्द आहे की शिंक?"

"यादृच्छिक. म्हणजे सहाशेतल्या प्रत्येक पिशवीला निवडलं जायची सारखी संधी हवी. रस्त्याकडच्यांनाच नाही. आतल्यांनाही."

आत्यानं भाकरी उलटली. तिची बोटं तव्याला लागली तरी तिनं हात मागे घेतला नाही. सुनेनं ते पाहिलं आणि पुस्तकात नजर घातली. आत्यानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, धान्य घेताना मी काय करते?

सून म्हणाली, पोत्यात हात घालता.

"कोपरापर्यंत घालते. वाणी वरचे दाणे चकचकीत ठेवतो म्हणून. तळातलं, मधलं, कडेचं, सगळीकडचं थोडं थोडं मुठीत घेते. ते याच्यात लिहिलंय?"

तेच लिहिलंय, सून म्हणाली.

"मग एवढं जाड पुस्तक कशाला केलं?"

सुनेनं सांगितलं की पुस्तकात आणखीही आहे. सरासरी आहे, मध्यक आहे, बहुलक आहे. भाचाही मालकाला सरासरीच कळवणार. आत्यानं सरासरी म्हणजे काय ते विचारून घेतलं, ऐकून घेतलं आणि मग तव्यावरची वाफ तोंडावरून बाजूला सारत म्हणाली, म्हणजे एका बाईचा एक डोळा धड आणि एक फुटका, तर सरासरीनं तिला दोन्हींनी अर्धं अर्धं दिसतं म्हणायचं. या वेळी मात्र सून हसली, आणि भाकरी खरोखर करपली.

जेवताना आत्यानं विचारलं, हात कोपरापर्यंत घालायचा, पण वाफ्यात तो घालायचा कसा? तू म्हणशील इथली घे, मी म्हणेन तिथली. दोघीही आपापल्या लाडक्या पिशव्या निवडू. सून म्हणाली, म्हणूनच आपण निवडायचंच नाही. चिठ्ठ्या निवडतील.

*

सकाळी आत्या मातीवर गेली नाही. शेडमधल्या आपल्या नेहमीच्या गोणपाटावर बसली, दगडावर पाणी शिंपडलं आणि सुरीला धार लावायला लागली. कामाला यायच्या बायका एकेक करून आल्या आणि धारेचा आवाज ऐकून दारातच थबकल्या. सर्र, सर्र. भाचा आला. म्हणाला, आत्या, तुझी जागा मागे आहे.

ती म्हणाली, माझी जागा माझ्या बुडाखाली आहे.

एक बाई हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. भाच्याचे कान लाल झाले. त्यानं फळीकडे बोट दाखवलं. आकडा बोलतोय, म्हणाला, मी कुठे बोलतोय?

आत्यानं सुरी मांडीवर पुसली. "आकडा पोपटासारखा असतो. ज्यानं शिकवला त्याचं बोलतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणालास ना? मग ऐक. काठाचं शीत करपलेलं असतं नाहीतर कच्चं. शीत पोटातलं काढतात, बाबा. तू काठावरचं चाखलंस आणि भात बिघडला म्हणून स्वयंपाकिणीला हाकललंस."

भाच्यानं घड्याळ बघितलं. तेव्हा सून पुढे झाली. ती एरवी चार माणसांत बोलायची नाही. आवाज बारीक, पण थरथरला नाही. पाच दिवसांनी सगळ्याच पट्ट्या सुटणार आहेत, ती म्हणाली. तेव्हा सहाशेचा खरा आकडा मालकांसमोर येईल. तुम्ही आज आमच्या वाफ्याचे साडेतीनशे वर मेले असं कळवलंत आणि तेवढे नाही निघाले, तर वहीवर सही कुणाची असेल?

ही गोष्ट त्याला लागली. बूट एकदा पुढे झाले, एकदा मागे. मग तो म्हणाला, काय करायचं म्हणता?

दोन रिकामे डबे आणले. रोपांना बांधायच्या खुणेच्या पट्ट्या होत्या, त्यांवर सुनेनं खडूनं आकडे घातले. एका डब्यात एक ते वीस, ओळीचे. दुसऱ्यात एक ते तीस, ओळीतल्या पिशवीचे. दोन्ही डब्यांतून एकेक काढायची: सातवी ओळ, बाविसावी पिशवी. ती उघडायची, बघायची, हिरवा की काळा ते पिशवीवर खडूनं मांडायचं, पट्टी होती त्याच बाजूनं परत बांधायची. चिठ्ठ्या डब्यात परत टाकून हलवायच्या. आत्यानं घातलेली अट एकच: चिठ्ठी काढणारीनं त्या वाफ्यात काम केलेलं नसावं. आणि प्रत्येक वाफ्याच्या वीसच. "तू वीस बघितलेस ना? मग आम्हीही वीसच. आम्हाला जास्तीचं काही नको."

आता आत शिरावंच लागलं. तेराव्या ओळीतली नववी पिशवी रस्त्यावरून दिसत नाही. दोन वाफे भाच्यानं बायकांच्या शब्दावर लिहून घेतले. तिसऱ्याला आत्या म्हणाली, ऐकून लिहितोस होय? उद्या म्हणशील बायकांनी फसवलं. ये आत. तो आत आला. बूट पहिल्याच ओळीत घोट्यापर्यंत रुतला. त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि मग विजार गुडघ्यापर्यंत सारून तो खाली वाकला. ठसक्याला त्या वेळी खोकला आला तो बराच वेळ थांबला नाही.

ऊन चढलं. मानेवरून घाम उतरून पाठीच्या पन्हाळीत जमायला लागला. कोणी मटक्यातलं पाणी फिरवलं. आकडे फळीवर चढले: पंधरा, चौदा, सोळा. चौथा वाफा ठसक्याचा आणि तिच्या जावेचा: बारा. पाचवा आत्याचा: पंधरा.

काल आठ, आज पंधरा. कुणीतरी सुस्कारा सोडला. सुनेच्या चेहऱ्यावर ऊन नसतानाही ऊन पडलं.

भाच्यानं फळीकडे पाहिलं. हातातला खडू झटकला, आत्याच्या आकड्याखालची कालची रेघ पुसली आणि ठसक्याच्या आकड्याखाली नवी ओढली. म्हणाला, ठीक आहे, आत्या, तुझं म्हणणं खरं. मग या दोघी मातीवर.

ठसका खोकलीच नाही. तिनं आपली सुरी कमरेतून काढली आणि दोन्ही हातांत धरून तिच्याकडे बघत राहिली. तिच्या जावेनं चुंबळीसारखं गुंडाळलेलं फडकं डोक्यावरून उतरवलं.

सुनेनं आत्याचं कोपर दाबलं. त्या दाबण्याचा अर्थ आत्याला पुरता कळला. आपलं झालं, आता घरी चला. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं. गुडघे ठणकत होते, आणि पंधरा हा आकडा डोळ्यांना थंडगार लागत होता. पण काल ठसका फळीसमोर कशी उभी होती ते तिला आठवलं. सतरा आकडा ठसक्याचाच होता. काल सतरा, आज बारा. एका रात्रीत बाईचा हात जातो का?

"परत काढ," आत्या म्हणाली.

भाच्याला कळेना. तुझं तर चांगलं आलंय.

"माझं आलंय म्हणूनच सांगते. परत काढ. वीस वीस."

सून कानाशी कुजबुजली, आई, आपला कमीही येईल. आत्या म्हणाली, येऊ दे की. पोत्यात एकदाच हात घालून कधी धान्य घेतलंय मी?

दुसऱ्यांदा डबे हलले. या वेळी बायका आपणहून ओळींत शिरल्या. कुणी आकडा ओरडून सांगे, कुणी पट्टी सोडे. ठसक्याच्या वाफ्यात हिरवे हिरवेच निघायला लागले आणि तिला हसू आवरेना, मग खोकला आवरेना. फळीवर दुसरी ओळ उभी राहिली: पंधरा, पंधरा, चौदा, ठसक्याचे सोळा. आणि आत्याचे तेरा.

आत्या शेवटी.

भाचा चिखलातून बाहेर आला होता. त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. म्हणाला, आत्या, आता तूच सांग.

"सांगते," ती म्हणाली आणि फळीजवळ जाऊन उभी राहिली. "काल मी शेवटी. सकाळी ठसका शेवटी. आता पुन्हा मी. तिसऱ्यांदा काढलीस तर ही येईल, चौथ्यांदा ती. पाच जणी रांगेत उभ्या केल्यास तर एक शेवटी असणारच रे. पाच देव उभे केलेस तरी एक शेवटी असेल. म्हणून काय त्याला माती चाळायला पाठवशील?"

सून फळीजवळ आली आणि तिनं दोन्ही वेळचे आकडे एकत्र मांडले. चाळिसात तीस, एकोणतीस, तीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. डाव्या हातानं मांडले म्हणून लिहितानाच अर्धे पुसले गेले, पण वाचता येत होते. ती म्हणाली, एवढा एवढा फरक चिठ्ठ्यांचाच असतो. हाताचा फरक असता तर दोन्ही वेळा एकाच बाजूला दिसला असता. आणि नमुना वाढवला तसे सगळे जवळ जवळ आले, बघा. पाचही वाफे सारखेच आहेत. फक्त आमची कड मेली, आणि ती उन्हानं मेली.

जाळीचा फाटका पदर तेवढा फडफडत होता, मुद्दाम साक्ष द्यायला आल्यासारखा.

मग भाचा हळूच म्हणाला, एक गोष्ट राहिली.

तो पुन्हा आत्याच्या वाफ्यात शिरला होता. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. उघडून परत बांधलेल्या पिशव्यांवर खडूची खूण होती, त्यांच्यापाशी तो एकेक करून वाकत होता. शेवटी उकिडवा बसला, जसा बारा वर्षांचा असताना बसायचा. तुझी पट्टी उजवीकडे चढते, तो म्हणाला, वहिनीची डावीकडे. वहिनीच्या एकवीस निघाल्या, त्यातल्या अठरा हिरव्या. तुझ्या एकोणीस निघाल्या, आत्या. त्यातल्या दहाच.

म्हणजे दोघींचं मिळून अठ्ठावीस होतं, ते असं झालं होतं. एकीच्या हिरव्यानं दुसरीचं काळं झाकलं होतं.

सून घाईघाईनं म्हणाली, असं म्हणता येत नाही, एकोणीस म्हणजे फार थोडे झाले, एवढ्यावरून हाताचं ठरवायचं नसतं, चिठ्ठ्या पुन्हा काढल्या तर हेही बदलेल. ती खरंच बोलत होती. पुस्तकात तसंच होतं. पण तिच्या आवाजात पुस्तकापेक्षा जास्त काहीतरी होतं, आणि ते ऐकून आत्याला राग यायला हवा होता, तो आला नाही.

आत्यानं आपला उजवा अंगठा वर धरला. त्यावर तीस वर्षांच्या चिरा होत्या. तिनं सुरीचं टोक अंगठ्याच्या पोटावर टेकवलं आणि सगळ्यांच्या देखत दाबलं. रक्ताचा थेंब आला. तिच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

"लागत नाही," ती म्हणाली. "थंडीपासून लागत नाही. डोळा सालीत बसला की चिरडला, ते मला कळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. हिला कळलं होतं, पण हिनंही सांगितलं नाही."

सून खाली बघत होती. काल तव्यापाशी तिनं पाहिलं ते काही पहिलंच नव्हतं.

आत्या गोणपाटापाशी गेली. आपली सुरी उचलली, मूठ पदरानं पुसली आणि सुनेपुढे धरली. सुनेनं घ्यायला हात पुढे केला. डावा. आत्या क्षणभर त्या हाताकडे बघत राहिली, बोलायचं आलंच होतं ओठांवर, पण तिनं ते गिळलं आणि सुरी त्याच हातात ठेवली. काड्या मी निवडीन, ती म्हणाली. कोणता डोळा जागा आणि कोणता झोपलेला ते मला अजून दिसतं. पट्टीही मी बांधीन, आवळायला अंगठा लागत नाही. डोळा तू सरकव. मूठ तुझ्या बोटांना बसायला दोन वर्षं लागतील. बसेल.

मग ती भाच्याकडे वळली. तो अजून वाफ्यात उकिडवाच होता. बुटांचा रंग कोणता होता ते आता सांगता आलं नसतं. इतक्या महिन्यांत प्रथमच त्याला तिच्याकडे मान वर करून बघावं लागत होतं.

"उठू नको, तसाच बस," आत्या म्हणाली. "बसल्यावर तुला नीट ऐकू येतं. आज तू वाकलास, म्हणून तुला खरं दिसलं. ते माझ्याच विरुद्ध निघालं. निघू दे, खरं आहे ते, मी त्याला नाही म्हणणार नाही. पण काल उभ्या उभ्या लिहिलंस ते खोटं होतं, आणि ते कुणाच्याही बाजूनं निघालं असतं तरी खोटंच होतं. माझा हात गेला असेल तर ते माझा अंगठा सांगेल, नाहीतर वाकून बघणारा सांगेल. तुझ्या बुटांनी सांगायचं नाही. आता ती फळी पुस. मालकाला पाच वाफ्यांचं सारखं कळव. मातीवर कुणी एकच जोडी कायमची जाणार नाही, सगळ्या आळीपाळीनं जाऊ, तुझ्यासकट. आणि त्याआधी शिडी आण आणि ती जाळी बांध. चौथ्यांदा सांगतेय."